इलॅस्टिक तेवढं पदरचं

रविवारी दुपारी आई मशीन झाकते
आणि खालची पिशवी फरशीवर उपडी करते.
खणभागातली निम्मी घरं
आमच्या पायाशी येऊन पडतात.
इरकलीचा जांभळा काठ,
लोहारांच्या सुनेच्या डोहाळजेवणातलं पोपटी,
बँकेतल्या बाईंचं ते राखाडी, ज्याला कशाचीच जोडी जमत नाही,
आणि मुंढा चुकलेला एक आख्खा ब्लाउज,
ज्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

बावीस इंच लांब, साडेतीन रुंद.
कमी पडलं तर जोड द्यायचा,
चुण्यांत जोड दिसत नाही.
उलट बाजूने नळी शिवायची,
मग सेफ्टी पिन टोचून आतल्या आत ओढत
सुलटी करायची. हे काम माझं.
बोटभर बाहेर आलं की रंग एकदम उजळतो,
दर वेळी,
आणि दर वेळी मी थांबून बघते.
मग आई ओरडते.

इलॅस्टिक कापड पेठेतून येतं, गुंडीवर.
"तेवढंच काय ते पदरचं," आई म्हणते,
"बाकी सगळं गावाचं."

दहाला एक, पंचवीसला तीन.
शाळेत काळी रिबनच लागते
म्हणून आमचा माल संध्याकाळी शिकवणीला जातो.
मी शेवटच्या बाकावर.
सर फळ्यावर वर्तुळ काढतात,
मी पुढच्या माना वाचते.
नाझनीनच्या पोनीत जोशीबाईंचा मंगळागौरीचा काठ,
ऋतुजाच्या अंबाड्यावर नाझनीनच्या खालाचं साटीन.
त्यांना माहीत नाही.
मी कशाला सांगू, गिऱ्हाईक आहेत.

मग एका मंगळवारी मगदूम काकी आल्या.
मुठीत मोरपंखी काहीतरी.
"मालन, हे माझं हाय."
मारुती चौकात, भाजीपाशी,
कुणाच्यातरी पोरीच्या डोक्यावरून
उपसून आणलं होतं.
"ऐंशीचं पीस दिल्तं मी. पुरंना म्हणालीस,
बाह्या आखूड केल्यास.
आन हे कुठनं उगावलं?"

आई काही बोलली नाही.
चिमट्याएवढी कात्री घेतली, टीप उसवली.
इलॅस्टिक वळवळून बाजूला पडलं.
मोरपंखीचे पाच तुकडे झाले,
तीन तिरके, एक गळ्याखालचा चंद्र,
एक नुसताच चिंधूक.
बाहीचा कागदी साचा शेजारी ठेवला.
"काढा काकी. निघती का बगा."

काकी स्टुलावर बसल्या. चष्मा लावला.
चंद्र वर ठेवला, खाली ठेवला,
तिरके तुकडे उलटे फिरवले,
एकदा तर बाही जवळजवळ झाली होती
फक्त दंडाशी हातभर भोक.
बाहेर रिक्षा गेली, दूधवाला गेला.
काकींनी चष्मा काढला.
"पुरत न्हाई," म्हणाल्या,
आईला नाही, त्या कापडालाच.

तेव्हा मला दिसलं, उंबऱ्याबाहेर
एक पोरगी उभी, सात-आठ वर्षांची,
एका हाताने आपले केस धरून.
चौकापासून तशीच आली असणार
मागं मागं.

आईने पाचही तुकडे परत जोडले.
इलॅस्टिक जरा सैल झालं होतं,
नवं कापलं, सात इंच.
पैसे कुणी विचारले नाहीत, कुणी दिले नाहीत.
काकींनी पोरीला गुडघ्यांत ओढली,
बोटांनीच विंचरलं, ताणून बांधलं,
इतकं की तिच्या भुवया वर गेल्या.
"तेल लावत जा गं. काय हे."

श्रावणात काकी आल्या त्या
मीटरभर कापड घेऊन.
"बाह्या कोपरापातूर. आन उरलं तर…"
पिशवीकडे बघितलं,
आणि वाक्य तसंच सोडलं,
सुटे दोरे लोंबत,
कडा न दुमडता.